छोट्या दवाखान्यात उपचारांची गुणवत्ता मोजायची कशी, मांडायची कशी

रोज येणारे रुग्ण समाधानाने परत जातात, औषधं नीट लिहिली जातात, तपासण्या सांगितल्या जातात. हे सगळं खरं असूनही त्याच दवाखान्यातल्या निम्म्या रुग्णांचा रक्तदाब आटोक्यात नाही, असं असू शकतं, आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही. कारण समोरच्या खुर्चीत जो बसतो तोच रुग्ण डॉक्टरांना दिसतो. आठ महिने न फिरकलेला रुग्ण नजरेआड राहतो. त्यालाही हिशेबात धरणं हा गुणवत्ता मोजण्याचा गाभा आहे. पुढच्या सगळ्या सूचना याच एका गोष्टीभोवती फिरतात.

एक-दोन डॉक्टर, एखादी नर्स आणि रिसेप्शनवर एक माणूस, एवढ्यांवर चालणारा दवाखाना डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिलं आहे. वेगळा विभाग नको, महागडं सॉफ्टवेअरही नको. आठवड्यातले दोन तास मात्र एका ठरावीक माणसाच्या नावावर राखून ठेवावे लागतील. 'सगळ्यांनी मिळून बघू' असं ठरलं की दुसऱ्या महिन्यात काम थांबतं.

काय मोजायचं

डॉक्टर आणि संशोधक अवेदिस डोनाबेडियन यांनी १९६६ साली आरोग्यसेवेच्या गुणवत्तेची मांडणी तीन भागांत केली: रचना, प्रक्रिया आणि परिणाम. रचना म्हणजे साधनं आणि माणसं, प्रक्रिया म्हणजे आपण काय करतो, परिणाम म्हणजे रुग्णाचं काय झालं. छोट्या दवाखान्याने यातल्या प्रक्रियेवर आणि जवळच्या परिणामांवर लक्ष ठेवावं. पक्षाघात किंवा हृदयविकाराचे झटके मोजायला गेलात तर वर्षाला तीन-चार घटना हाती लागतील. त्यांच्या चढउतारावरून काहीच सांगता येत नाही. रक्तदाब आटोक्यात आहे का, हे मात्र शेकडो रुग्णांत मोजता येतं आणि दवाखान्याच्या हातातही असतं.

सुरुवातीला तीन मोजमापं पुरेत. निवडताना तीन प्रश्न विचारा. हे मोजण्यासाठी किमान शंभरेक रुग्ण आहेत का? लागणारी माहिती आत्ताच कुठेतरी नोंदली जाते का? आकडा वाईट आला तर पुढच्या सोमवारपासून काही वेगळं करता येईल का? तिसऱ्याचं उत्तर 'नाही' असेल तर ते मोजमाप सोडून द्या.

बहुतेक दवाखान्यांना पहिल्या वर्षी चालेल असा संच: उच्च रक्तदाबाच्या रुग्णांपैकी किती जणांचा रक्तदाब १४०/९० च्या खाली आहे, मधुमेहींपैकी किती जणांचं एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांतली रक्तातली सरासरी साखर दाखवणारी तपासणी) ९ टक्क्यांच्या वर आहे किंवा वर्षभरात मोजलेलंच नाही, आणि प्रौढ रुग्णांपैकी किती जणांना तंबाखूबद्दल विचारून, वापरणाऱ्यांना सोडण्यासाठी मदत देऊ केल्याची नोंद आहे. दुसऱ्या मोजमापात आकडा कमी तो चांगला. हे कागदावर ठळक लिहा, नाहीतर बैठकीत कोणीतरी वाढलेल्या आकड्यावर आनंद व्यक्त करतो.

व्याख्येचं कार्ड

मोजायला बसण्याआधी प्रत्येक मोजमापाचं एक पानी कार्ड लिहून काढा. रक्तदाबाचं कार्ड असं दिसेल (छेद म्हणजे भागाकारातली खालची संख्या, अंश म्हणजे वरची):

छेद: १८ ते ८५ वर्षं वयाचे, उच्च रक्तदाबाचं निदान झालेले, गेल्या २४ महिन्यांत किमान एकदा दवाखान्यात आलेले सर्व रुग्ण.
अंश: यांपैकी ज्यांचं गेल्या १२ महिन्यांतलं सर्वांत अलीकडचं मोजमाप वरचा दाब १४० पेक्षा कमी आणि खालचा ९० पेक्षा कमी असं आहे.
मोजमाप नसेल तर: छेदात ठेवा, अंशात धरू नका.
वगळायचे: गरोदर स्त्रिया, डायलिसिसवरचे रुग्ण, अखेरच्या आजारात केवळ आराम देणारे उपचार घेणारे.
मोजणी: दर महिन्याच्या शेवटच्या दिवसाची स्थिती.
जबाबदारी: मोजणारी व्यक्ती आणि तपासणारे डॉक्टर, दोघांची नावं.

'पेक्षा कमी' आणि 'किंवा कमी' यांतला फरक क्षुल्लक समजू नका. वरचा दाब बरोबर १४० असलेले रुग्ण प्रत्येक दवाखान्यात भरपूर निघतात. ते आत की बाहेर, यावर टक्केवारी सहज पाच-सात गुणांनी हलते. एकाच दिवशी दोनदा मोजलं तर कोणतं घ्यायचं, हेही कार्डावर हवं. रुग्णाच्या दृष्टीने सरासरी जास्त योग्य. पण बाहेरच्या संस्थेला अहवाल द्यायचा असेल आणि तिच्या व्याख्येत त्या दिवसाचा सर्वांत कमी आकडा धरला असेल, तर तिथे तेच पाळावं लागतं. रुग्णाने घरी मोजलेले आकडे स्वीकारणार असाल तर तारीख आणि स्वयंचलित यंत्र या दोन अटी घाला.

छेद हेच खरं काम

अंश मोजणं सोपं. दमवतो तो छेद. आणि बहुतेक चुकीचे अहवाल छेदातच चुकलेले असतात.

उच्च रक्तदाबाचे सगळे रुग्ण शोधायला तीन वाटांनी जावं लागतं. पहिली वाट निदानाच्या नोंदींची: केसपेपरवर किंवा संगणकात निदान लिहिलेले. दुसरी वाट औषधांची: रक्तदाबाची गोळी चालू आहे, पण निदान कुठेच लिहिलेलं नाही. तिसरी वाट आकड्यांची: दोन वेगवेगळ्या दिवशी १४०/९० किंवा जास्त रक्तदाब नोंदलेला, पण ना निदान ना औषध. या तिसऱ्या गटातल्या माणसांकडे खऱ्या अर्थाने दुर्लक्ष झालेलं असतं, आणि फक्त निदानाच्या यादीवर विसंबणाऱ्या दवाखान्याला ती कधीच सापडत नाहीत.

दुसऱ्या आणि तिसऱ्या वाटेची नावं डोळे मिटून यादीत घालू नका. अ‍ॅम्लोडिपिन छातीतल्या दुखण्यासाठी दिलेलं असू शकतं, प्रोप्रॅनोलॉल अर्धशिशीसाठी किंवा हाताच्या कंपासाठी, रॅमिप्रिल मूत्रपिंडासाठी. प्रत्येक केसपेपर डॉक्टरांनी एकदा पाहावा आणि निदान लिहावं किंवा नाव खोडावं. एका कागदाला मिनिटभर लागतं. हे काम एकदाच जड जातं, नंतर महिन्याला पाच-सहा नावं उरतात.

उदाहरणाने हिशेब पाहू. समजा निदानाच्या नोंदींतून १६२ रुग्ण मिळाले. औषधांच्या यादीतून आणखी ३८ आले, त्यांतले तपासणीनंतर २९ खरे ठरले. आकड्यांच्या वाटेने २४ आले, त्यांतल्या १३ जणांचं निदान पक्कं झालं. एकूण २०४. यातून दुसरीकडे राहायला गेलेले ६, मृत ३ आणि एकाच माणसाचे दोन केसपेपर निघालेले २, असे ११ काढले. छेद उरला १९३.

आता या १९३ पैकी १५७ जणांचा रक्तदाब वर्षभरात कधीतरी मोजलेला आहे आणि त्यांतल्या १०४ जणांचा आटोक्यात आहे. इथे मोह होतो तो १०४ ला १५७ ने भागण्याचा. उत्तर ६६ टक्के येतं, चांगलं वाटतं. पण १९३ ने भागलं तर ५४ टक्के. खरा आकडा दुसरा आहे. ज्या ३६ जणांचं मोजमापच नाही, त्यांचा रक्तदाब उत्तम असेल असं मानायला काहीच आधार नाही. उलट, जे येत नाहीत त्यांची गोळीही बहुधा सुटलेली असते.

या ३६ जणांची यादी अहवालापेक्षा मोलाची आहे. तिचे लगेच दोन भाग करा: वर्षभरात दवाखान्यात येऊन गेले पण रक्तदाब मोजला गेला नाही असे, आणि आलेच नाहीत असे. समजा ९ आणि २७. पहिल्या नऊ जणांचा दोष दवाखान्याच्या कामाच्या रीतीत आहे. खोकल्यासाठी किंवा दाखल्यासाठी आलेल्या माणसाचा रक्तदाब कोण, कुठे, कधी मोजणार हे ठरलेलं नव्हतं. उपाय एकच: डॉक्टरांकडे जाण्याआधी प्रत्येक प्रौढाचं मोजमाप, कारण काहीही असो. दुसऱ्या सत्तावीस जणांना फोन करावा लागतो. आठवड्याला दहा फोन, एका नावाला वेगवेगळ्या वेळी तीन प्रयत्न, आणि प्रत्येक प्रयत्नाची तारीख यादीतच. छत्तीसपैकी वीस जण आले आणि त्यांतल्या अकरा जणांचा रक्तदाब आटोक्यात निघाला, तर आकडा ११५ भागिले १९३, म्हणजे ६० टक्क्यांवर जातो. उरलेल्या नऊ जणांचे उपचार त्या दिवसापासून पुन्हा सुरू होतात, आणि हा फायदा टक्केवारीत अजून दिसतही नाही.

'चालू रुग्ण' कोणाला म्हणायचं, या व्याख्येत सगळ्यात मोठी पळवाट असते. गेल्या १२ महिन्यांत आलेलेच चालू, असं ठरवलं की वरचे २७ जण छेदातून आपोआप गळून पडतात आणि आकडा एका फटक्यात सुधारतो. म्हणून २४ महिने ठेवा. दोन वर्षं न आलेल्या माणसाचं नाव काढण्याआधीही एक फोन झाला पाहिजे.

वगळण्याच्या यादीवरही डोळा हवा. ब्रिटनमध्ये २००४ साली गुणवत्तेनुसार मोबदला देणारी योजना सुरू झाली तेव्हा काही रुग्णांना हिशेबातून वगळण्याची मुभा डॉक्टरांना होती. ती गरजेचीच होती, कारण प्रत्येक नियम प्रत्येक रुग्णाला लावणं घातक ठरतं. पण वगळलेल्यांची संख्या आणि कारण अहवालात छापलं पाहिजे. 'रुग्णाने नकार दिला' हे कारण अंतर्गत अहवालात तरी वगळण्यासाठी वापरू नका. नकार नोंदवा, माणूस छेदात ठेवा. नकारांची संख्या वाढत असेल तर समजावण्यात काहीतरी कमी पडतं आहे.

आकडा खरा आहे का

रक्तदाबाच्या टक्केवारीतला बराच चढउतार मोजणाऱ्याच्या हातातून येतो. पाच मिनिटं शांत बसणं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या पातळीवर, पट्टा उघड्या दंडावर, बोलणं बंद. पट्ट्याची हवेची पिशवी दंडाच्या घेराच्या सुमारे ८० टक्के भागाभोवती यायला हवी. जाड दंडाला लहान पट्टा लावला तर आकडा खोटाच वाढतो. दोन मापांचे पट्टे नसतील तर अहवालाची घाई करण्याआधी पट्टा विकत घ्या. पहिलं मोजमाप जास्त आलं तर एक-दोन मिनिटांनी पुन्हा मोजायचं आणि दोन्ही आकडे लिहायचे.

नोंदी प्रामाणिक आहेत का, हे ओळखायची एक साधी चाचणी आहे. वरच्या दाबाचा शेवटचा अंक किती वेळा शून्य आहे ते मोजा. स्वयंचलित यंत्राने मोजत असाल तर दहांतला एक, म्हणजे १५७ नोंदींत सोळाच्या आसपास शून्य अपेक्षित आहेत. हाताने फुगवायच्या यंत्रावर दोन-दोनच्या खुणा असतात, तिथे पाचातला एक, म्हणजे एकतीसच्या आसपास. प्रत्यक्षात सत्तर निघाले तर कोणीतरी आकडे सवयीने जवळच्या दशकात बसवतं आहे. अशा दवाखान्यात १३६ चे १४० होतात आणि आटोक्यात असलेला माणूस बाहेर पडतो, किंवा १४४ चे १४० होतात आणि औषध वाढवायचं राहून जातं. यावर रागावून उपयोग नाही. यंत्राच्या पडद्यावर जे दिसतं तेच लिहायचं, एवढं एकदा शांतपणे ठरवून घ्या.

एचबीए१सीच्या बाबतीत दोन गोष्टी. ही तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते, त्यामुळे औषध बदलल्यावर तीन आठवड्यांत पुन्हा करून हाती काही लागत नाही. रक्तक्षय, रक्तातले काही आनुवंशिक दोष किंवा नुकतंच दिलेलं रक्त यांमुळे आकडा दिशाभूल करू शकतो. अशा रुग्णांच्या नावापुढे खूण करा.

संगणकावर किती विसंबायचं

सॉफ्टवेअर एका बटणावर अहवाल देतं, पण ठरलेल्या रकान्यात लिहिलेलं असेल तेवढंच त्याला दिसतं. डॉक्टरांनी टिपणात 'रक्तदाब १३२/८४' असं वाक्यात लिहिलं, प्रयोगशाळेचा अहवाल फोटो म्हणून जोडला, तर सॉफ्टवेअरच्या लेखी ते मोजमाप झालेलंच नाही. म्हणून पहिला अहवाल आला की ४० केसपेपर उघडा: सॉफ्टवेअरने 'आटोक्यात' म्हटलेले २० आणि 'आटोक्यात नाही' म्हटलेले २०. प्रत्येक नोंद हाताने ताडून बघा. दुसऱ्या वीसमध्ये पाच-सहा जणांचं मोजमाप टिपणांत दडलेलं सापडलं, तर आधी लिहिण्याची जागा दुरुस्त करायची, टक्केवारीची चर्चा मग.

नेहमी सापडणाऱ्या इतर चुका: दिवस आणि महिना उलटे होणं, नमुना घेतल्याची तारीख सोडून नोंद केल्याची तारीख धरली जाणं, जन्मतारीख माहीत नसलेल्या सगळ्यांना १ जानेवारी लावलेली असणं. एककांचा घोळ विशेष सांगायला हवा. एचबीए१सी काही प्रयोगशाळा टक्क्यांत देतात, काही मिलिमोल प्रति मोल या एककात. ७ टक्के म्हणजे ५३, ९ टक्के म्हणजे ७५. दोन प्रयोगशाळांचे आकडे एकाच रकान्यात गेले की ५३ हा आकडा ९ च्या वरचा मोजला जातो आणि आटोक्यातला रुग्ण वाईट यादीत जाऊन बसतो.

सगळं कागदावर असेल तर नमुना घेऊन काम भागतं. २४० मधुमेहींतून ३० केसपेपर हवे असतील तर २४० भागिले ३०, म्हणजे दर आठवा. सुरुवात कुठून करायची हे एक ते आठ अशा चिठ्ठ्या टाकून ठरवा. हाताला आला तो गठ्ठा घेऊ नका. वरचा गठ्ठा नेहमी नुकत्याच येऊन गेलेल्यांचा असतो.

लहान संख्येची मर्यादा

तीसपैकी अठरा, म्हणजे ६० टक्के. पण तीस जणांवरून काढलेल्या ६० टक्क्यांचा अर्थ सांख्यिकीच्या भाषेत '४२ ते ७५ च्या दरम्यान कुठेतरी' एवढाच होतो (९५ टक्के विश्वासार्हतेने). शंभर जणांवरून काढलेले ६० टक्के ५० ते ६९ मध्ये असतात, तीनशे जणांवरून ५४ ते ६५ मध्ये. म्हणून तीस-तीस रुग्णांवरून दोन डॉक्टरांची तुलना करणं अन्यायाचं आहे. एकाचे ५५ आणि दुसऱ्याचे ६५ टक्के यांत काहीही फरक नसू शकतो. पूर्ण दवाखान्याचा एकच आकडा मांडा. डॉक्टरांनुसार फोड करायचीच असेल तर ती टक्केवारीच्या रूपात नको, रुग्णांच्या यादीच्या रूपात द्या. आपल्या आटोक्यात नसलेल्या अकरा रुग्णांची नावं हातात आली की डॉक्टर काम करतात. टक्केवारी हातात आली की तिच्या खरेपणावर वाद घालतात.

आलेख

मागच्या महिन्यात ५६, या महिन्यात ५३, असं म्हणून चिंता करण्यात अर्थ नसतो. दर महिन्याचे बिंदू एका रेषेत मांडा आणि पहिल्या दहा-बारा बिंदूंचा मध्यक (आकडे चढत्या क्रमाने लावले की मधोमध येणारा आकडा) आडव्या रेघेने दाखवा. सलग सहा किंवा जास्त बिंदू मध्यकाच्या एकाच बाजूला आले, किंवा सलग पाच बिंदू चढत वा उतरत गेले, तर खरोखर काही बदललं असं धरावं. मध्यकावर नेमका पडलेला बिंदू पहिल्या नियमात मोजू नये.

इथे एक खाचखळगा आहे आणि तो बऱ्याच जाणकारांच्याही नजरेतून सुटतो. 'गेल्या १२ महिन्यांतलं शेवटचं मोजमाप' अशी व्याख्या असेल तर लागोपाठच्या दोन महिन्यांचे आकडे बहुतांशी त्याच नोंदींवर उभे असतात. बिंदू एकमेकांना चिकटून चालतात आणि सहा-पाचचे नियम खोटा इशारा देतात. यासाठी सोबत दुसरा, दर महिन्याला शून्यापासून सुरू होणारा आकडा ठेवा: या महिन्यात आलेल्या उच्च रक्तदाबाच्या रुग्णांपैकी किती जणांचा रक्तदाब मोजला, आणि १४०/९० किंवा जास्त आलेल्यांपैकी किती जणांचं औषध बदललं किंवा चार आठवड्यांच्या आतली पुढची तारीख ठरवली. नियम या आकड्यांना लावा. बदलही इथे आधी दिसतो. आटोक्याची टक्केवारी सहा-आठ महिने मागून येते.

आलेखावर घटना लिहा: नवं यंत्र आलं, नर्स बदलली, प्रयोगशाळा बदलली. व्याख्या बदलली तर तिथे उभी रेघ मारून नवा मध्यक काढा. जुन्या आणि नव्या व्याख्येचे बिंदू एका रेषेने जोडणं चुकीचं आहे.

जोडीचं मोजमाप

एकाच आकड्यावर सगळ्यांची नजर खिळली की काम त्या रेषेभोवती गोळा होतं. १४४ वाल्याचे १३८ करण्यासाठी धडपड होते, कारण त्याने टक्केवारी वाढते. १९० वाल्याचे १६० झाले तरी टक्केवारी हलत नाही, खरं तर जीव तिथे वाचतो. म्हणून सोबत १६०/१०० किंवा त्याहून जास्त असलेल्यांची संख्या द्या, आणि १८०/११० च्या वरच्यांची नावं त्याच आठवड्यात डॉक्टरांपुढे ठेवा. उलट बाजूही बघायला हवी. रक्तदाब फार उतरवला तर वयस्कर माणसं चक्कर येऊन पडतात. साखर फार उतरवली तर इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर धोकादायक कमी होते. प्रत्येक भेटीत 'पडलात का, साखर कमी होऊन घाम-थरथर झाली का' हे विचारून होय-नाही लिहा. हे होकार वाढत असतील तर वरची टक्केवारी सुधारली तरी काम बिघडलं आहे.

रुग्णाला भेटीची वेळ किती लवकर मिळते, हे मोजणं आधी वेळ ठरवून यायच्या दवाखान्यात सोपं आहे. दर आठवड्याला एकाच दिवशी, एकाच वेळी, तिसरी मोकळी वेळ किती दिवसांनी आहे ते लिहा. पहिली-दुसरी वेळ कोणीतरी रद्द केल्यामुळे मिळालेली असू शकते, तिसरी वेळ खरी गर्दी सांगते.

रुग्णांचं मत घ्यायचं तर प्रश्न तीन-चारच ठेवा: डॉक्टरांचं बोलणं समजलं का, तुमचं ऐकून घेतलं का, औषध कसं घ्यायचं हे बाहेर पडताना कळलं होतं का. कागद सलग येणाऱ्या प्रत्येकाला द्यायचा, निवडून नाही. उपचार करणाऱ्याने स्वतः हातात देऊ नये आणि त्याच्यासमोर भरून घेऊ नये. किती वाटले आणि किती परत आले, हे दोन्ही छापा.

अहवाल

अंतर्गत अहवाल महिन्याला एक पान. त्यावर प्रत्येक मोजमापाचा अंश, छेद आणि टक्केवारी (दशांश नको, १९३ जणांच्या हिशेबात ५३.९ लिहिल्याने नेमकेपणा येत नाही), मोजमाप नसलेल्यांची संख्या, वगळलेल्यांची संख्या आणि कारणं, आलेख. तळाशी एक ओळ: या महिन्यात काय करून बघायचं, कोण करणार, केव्हापर्यंत. अर्ध्या तासाची बैठक, रिसेप्शनवरच्या माणसासकट. फोन तीच व्यक्ती करते, त्यामुळे रुग्ण का येत नाहीत याची खरी कारणं तिलाच माहीत असतात.

करून बघायची गोष्ट लहान ठेवा. 'यापुढे सगळ्यांचा रक्तदाब दोनदा मोजायचा' असा हुकूम काढण्याऐवजी एका सकाळी, पाच रुग्णांवर करून बघा. किती वेळ लागला, खुर्ची कुठे अडली, कोण विसरलं, ते पाहून दुसऱ्या दिवशी रीत बदला. आठवड्याभरात जी रीत टिकते तीच कायम करा.

बाहेरच्या संस्थेला पाठवायच्या अहवालाला त्यांचीच व्याख्या लागते, ती आपल्यापेक्षा वेगळी असेल. दोन्ही आकडे वेगळे ठेवा, एकाचं नाव दुसऱ्याला देऊ नका. पाठवण्याच्या दिवशी ज्या नोंदींवरून आकडे काढले त्यांची प्रत तारखेसह गोठवून ठेवा. चालू नोंदी रोज बदलतात, त्यामुळे सहा महिन्यांनी कोणी विचारलं तर तोच आकडा पुन्हा काढता येत नाही. ही प्रत कुलूपबंद संगणकात, पासवर्डसह ठेवावी. नावांसकट यादी कधीही मेसेजवर किंवा साध्या ईमेलने पाठवू नये.

भिंतीवर किंवा संकेतस्थळावर आकडे लावणार असाल तर पाचपेक्षा कमी माणसांचा कोणताही गट दाखवू नका. छोट्या वस्तीत 'सत्तरीपुढच्या, डायलिसिसवरच्या दोन स्त्रिया' म्हटलं की नावं सगळ्यांना कळतात. एक लपवलेला आकडा एकूण बेरजेतून वजा करून काढता येतो, म्हणून अशा वेळी आणखी एक गट झाकावा लागतो किंवा दोन गट एकत्र करावे लागतात.

एखादं मोजमाप सलग वर्षभर ९० टक्क्यांच्या वर स्थिर राहिलं तर दरमहा मोजणं थांबवून सहा महिन्यांतून एकदा बघा आणि मोकळ्या झालेल्या वेळात नवं घ्या. त्या नव्या मोजमापाचा छेद पुन्हा पहिल्यापासून, तिन्ही वाटांनी शोधावा लागेल.